मामांना साष्टांग नमस्कार

"आधी सांगा, तुमी कोण?"

रोज माझ्या डब्यातली शेंगाचटणी फस्त करणाऱ्या अक्का मलाच असं विचारायच्या. नाव सांगितल्याशिवाय कॉम्प्युटरसमोरची खुर्ची मिळत नसे.

अक्का म्हणजे सोलापुरातल्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाई. राहायच्या शुक्रवार पेठेत, आवाज मात्र पार मंद्रूप गावच्या बाजारापर्यंत जायचा. कॉम्प्युटर अडला की त्याला कन्नडमध्ये झापायच्या. तो मुकाट्यानं चालायला लागायचा, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर राहू द्या.

पूर्वी आमचा कारभार मोकळाढाकळा होता. कॉम्प्युटर मोजके, माणसं ढीगभर, आणि सगळे एकाच नावानं आत शिरायचे. पासवर्ड चहावाल्याच्या किटलीलासुद्धा पाठ! एकानं केलेली सेटिंग दुसऱ्याच्या बोकांडी बसायची. डिस्पॅचचे बसवराज अक्षर इतकं मोठं करून ठेवायचे, की 'टॉवेल' एवढा शब्द वाचायला पडदा दोनदा सरकवावा लागे.

"एका ताटात सगळे जेवाय लागल्यावर कुणाचं बोट कुणाच्या आमटीत, काय कळतंय?" अक्का साहेबांना म्हणायच्या. "ज्याचं त्याचं नाव येगळं करू की."

"कशाला उगीच व्याप?" साहेब म्हणायचे.

मग ते पत्र गेलं.

बसवराजांचे मामा सुताचे व्यापारी. त्यांना सारखी पत्रं लिहावी लागत, म्हणून बसवराजांनी युक्ती केली होती: 'मा.' एवढंच टाइप केलं की आपोआप 'मामांना साष्टांग नमस्कार' उमटायचं. आणि त्याच कॉम्प्युटरवर रेखानं कारखान्याच्या समारंभाच्या अध्यक्षांना पाठवायचं निमंत्रण टाइप केलं. रेखा टेंपररी, त्याच महिन्यात कायम होणार होती. नजर हातातल्या कागदावर, बोटं सुसाट. 'मा. अध्यक्ष' लिहिलं, छापलं, पाठवलं.

अध्यक्षांचा फोन आला. "मी कुणाचा मामा हो?"

साहेबांनी रेखाला सांगितलं, "थट्टा करता? उद्यापासून येऊ नका." तिला रडू आवरेना. असं झालं कसं, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

अक्कांनी साहेबांना केबिनमधून बाहेर आणून त्याच खुर्चीत बसवलं. "तुमीच लिवा की साहेब. मा. अध्यक्ष."

साहेबांनी एका बोटानं लिहिलं. मामांना साष्टांग नमस्कार! खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा साष्टांग! तिसऱ्यांदा तर मला वाटलं, आता मामा पडद्यातून हात बाहेर काढून आशीर्वादच देणार. बसवराज टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे गडप झाले.

"पोरीचं काय चुकलं, सांगा."

"नाही चुकलं," साहेब पुटपुटले.

"मग ती ऱ्हाणार. आन् उद्यापासनं ज्याचं त्याचं नाव येगळं. तुमचंबी!"

त्यानंतर प्रत्येकाला आपली अक्षरं, आपली सेटिंग, आपलं नाव मिळालं. बसवराजांचे मामा बसवराजांच्याच घरात राहिले. असं ऑफिस अख्ख्या महाराष्ट्रात नव्हतं. दिल्लीहून बघायला माणसं यायची तेवढी राहिली!

अक्का निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचं काम रेखाकडे आलं. शेवटच्या संध्याकाळी अक्का तिला म्हणाल्या, "माझं नाव काढ आता कॉम्प्युटरमधनं."

"राहू दे की अक्का."

"जो मानूस हितं न्हाय, त्याचं नाव ठेवायचं न्हाय. शिकवलंय न्हवं? काढ."

रेखाचं बोट काही हलेना. अक्कांनी पर्स काखेत मारली.

शेवटी तिनं बटण दाबलं. अक्कांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आता झालीस गं पक्की!" म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

पडद्यावरच्या नावांच्या यादीत अक्कांच्या खालचं नाव वर सरकलं होतं. ते रेखाचं होतं.