बावीस मीटर वायर

माझ्या मामाला सगळे वादक ‘झाकण’ म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि मामा ओ द्यायचा. गाण्याबजावण्याच्या त्या हॉलमध्ये एकतीस वर्षं तो साउंडच्या टेबलापाशी बसला, आणि एकतीस वर्षं त्याचं एकच पालुपद: ‘कमी कर.’ गिटारवाला कितीही मोठा असो, मामाने हात खाली दाबल्याची खूण केली की निमूटपणे आवाज उतरवायचा. ‘गाणं ऐकायचं असतं, अंगावर घ्यायचं नसतं,’ असं तो म्हणायचा. आमच्याकडे आला की रेडिओसुद्धा इतका हळू लावायचा की आई विचारायची, ‘दादा, बातम्या आपल्यासाठी आहेत की मुंग्यांसाठी?’

मला हे काम त्यानेच शिकवलं, अगदी वायर गुंडाळण्यापासून. एक वेढा सुलट, एक उलट, म्हणजे पीळ पडत नाही. पुढे मी शिकून शहाणा झालो आणि आवाजाला आळा घालणारी यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत लागलो.

हॉलच्या मागे नवी इमारत झाली, तिथल्या लोकांनी तक्रार केली आणि हॉलला लिमिटर बसवायचा हुकूम आला. लिमिटर म्हणजे भिंतीवरची एक पेटी. छताला टांगलेला तिचा माईक हॉलमधला आवाज मोजतो. आवाज मर्यादेत असला की हिरवा दिवा, मर्यादेजवळ आला की पिवळा, मर्यादा ओलांडली की लाल. लाल दिवा दहा सेकंद राहिला की पेटी स्टेजची वीज तोडते, कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. बसवायला मीच गेलो. ज्याने जन्मभर दुसऱ्यांवर झाकण ठेवलं, त्याच्यावर झाकण ठेवायला त्याचाच भाचा! वादकांना आयता विषय मिळाला. मामाही हसला.

मी शिडी बाल्कनीखाली लावली तेव्हा मात्र तो हसायचा थांबला.

‘तिथे नको रे. टाळ्या सगळ्या तिथेच जमतात. माईक स्टेजच्या बाजूला घे.’

बाल्कनीखाली वायरसाठी जुना पाइप तयार होता. स्टेजपर्यंत जायचं म्हणजे आणखी अर्धा दिवस. शिवाय हॉलच्या मालकीणबाई समोर उभ्या होत्या, आणि त्यांच्यादेखत मला शिकवलेलं झोंबलं.

‘मामा, हे मशीनचं काम आहे,’ मी म्हणालो. ‘तुझ्या कानाचं नाही.’

बाई हसल्या. मामाने शिडी धरून ठेवली. मी माईक टांगला, पेटीला सील लावलं, खाली सही केली.

पुढच्या रविवारी दुपारच्या कार्यक्रमाला एक गायिका आल्या होत्या. घशाच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांनी त्या प्रथमच गात होत्या. पहिलं गाणं संपलं, लोक उठून उभे राहिले, टाळ्या काही थांबेनात. त्या टाळ्यांतच त्यांनी दुसऱ्या गाण्याचा सूर लावला आणि स्टेज ठप्प झालं. दिवे गेले, माईक गेला. त्यांना वाटलं, आपला आवाजच गेला. गळ्याला हात लावून त्या आत निघून गेल्या.

सोमवारी मला तपासायला बोलावलं. पेटीत सेकंदासेकंदाची नोंद असते. लाल दिवा लागला तेव्हा गाणं चालूच नव्हतं. चालू होत्या त्या फक्त टाळ्या.

‘मशीन ठीक आहे ना?’ बाईंनी विचारलं.

‘मशीन ठीक आहे.’

खोटं नव्हतंच ते. मशीन ठीकच होतं, ते टांगणारा चुकला होता. पण तसं म्हटलं तर माझ्या सहीला किंमत राहिली नसती, आणि सहीबरोबर नोकरीही गेली असती.

‘मग आवाज मामांनीच वाढवला असणार, कान गेले,’ बाई म्हणाल्या. ‘वय झालं त्यांचं.’

मामा तिथेच वायर गुंडाळत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहत राहिलो.

टेबलावर दुसरा माणूस आला आणि मामा दारावर गेला, तिकिटं फाडायला. ‘दादा दारात उभा असतो म्हणे. काय झालं रे?’ आईने जेवताना विचारलं. ‘वय झालं,’ मी म्हणालो. तिच्या सख्ख्या भावाबद्दल, तिच्याच हातचं खाताना. इतकी लाज वाटली की त्या दिवसापासून मी हॉलवरून जाणंच सोडलं. कामावर लांबचा फेरा घालून जायचो.

तीन आठवड्यांनी नव्या माणसाच्या हाताखालीही टाळ्यांत वीज गेली. आता कुणाला संशय यायच्या आत माईक गुपचूप हलवावा म्हणून मी सकाळी सातलाच तिथे पोचलो, चोरासारखा. दार मामाने उघडलं. दारावरच्या माणसाकडे किल्ली असणारच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने शिडी आणून थेट स्टेजच्या बाजूला लावली, आणि कपाटातून वायरचं एक वेटोळं काढून माझ्या हातात दिलं.

‘बावीस मीटर आहे. बरोबर पुरेल.’

‘कधी कापलीस?’

‘त्याच सोमवारी. म्हटलं, संध्याकाळपर्यंत तू परत येशील.’

मी घाईने शिडी चढलो, कारण खाली उभं राहून त्याच्या तोंडाकडे बघणं कठीण होतं. माईक अर्धा बसवला असेल-नसेल, तोच मालकीणबाई आल्या.

‘सकाळी सकाळी काय चाललंय?’

मामा शिडी धरून उभा.

‘चूक माझी होती,’ मी वरून पुटपुटलो. ‘मामाची नाही.’

‘काय म्हणालात?’

‘काही नाही’ म्हणायला जीभ वळलीच होती. तेवढ्यात आयुष्यभर सगळ्यांना ‘कमी कर’ सांगणारा माझा मामा खालून म्हणाला, ‘मोठ्यांदा बोल.’