ड्रममधली केळ

माझे सासरे नत्थूजी चहा घेण्याआधी बशी उलटी करून पाहत. काय पाहत, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तीस वर्षं ते पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापसाची गाडी आली की कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि तळाशी पाणी मारलंय का, दगड घातलेत का, ते चाचपायचं. नोकरी संपली, सौंसरला घरी बसले, पण हाताची सवय गेली नाही. मी सून म्हणून आले पंच्याऐंशी साली, आणि पहिल्या दिवसापासून मीही त्यांच्या लेखी काट्यावर आलेली एक गाडीच होते.

घराला माती नव्हती. फरशीचं अंगण, आणि त्यात डांबराचा अर्धा कापलेला ड्रम. ड्रममध्ये ठेंगणी केळ. ती माझ्या सासूची, देवकाबाईंची. आमचं लग्न ठरलं आणि त्या गेल्या. वर्ष उलटल्यावर लग्न लागलं. त्यांच्या हातचं जिवंत असं घरात एवढंच उरलं होतं, म्हणून मामाजी, सासऱ्यांना मी तसंच म्हणे, केळीला जीव लावत, हे मी कबूल करते. माणसांना लावत नसत, एवढंच.

केळीचं काम मात्र चोख. बुंध्याभोवती पिल्लं फुटली की एकच राखायचं, बाकीची काढायची, नाहीतर ड्रममध्ये कोणाचंच पोट भरत नाही. आई एकदाच घड देते आणि वाळते, मग राखलेलं पिल्लू तिची जागा घेतं. रुंद पानांचं गुबगुबीत पिल्लू दिसलं की ते म्हणत, "हे वरून चांगलं दिसून राहिलं, म्हणजे खाली काई नाई." आणि अरुंद, तलवारीसारख्या पानांचं ठेवत. त्यात ते दर वेळी बरोबर निघत. त्यामुळे माणसांच्या बाबतीतही आपण बरोबरच, अशी त्यांची खात्री झाली होती.

काढलेलं पिल्लू कोणाला द्यायचं नाही. शेजारच्या शकुंतलाबाईंनी एकदा मागितलं तर "पाहू" म्हणाले, आणि संध्याकाळी सगळी पिल्लं विळ्यानं चिरून गायीपुढे टाकली. कंद कोणी उचलून लावू नये म्हणून तोही उभा चिरला.

आता माझं गुपित सांगते. बोरगावला माझ्या माहेरी, न्हाणीच्या मागे, हीच केळ होती. देवकाबाई मला पाहायला आल्या तेव्हा पदरात गुंडाळून पिल्लू घेऊन आल्या होत्या. माझ्या आईला म्हणाल्या, "पोरगी आमची झाली, हे तुमच्याकडं ठेवा. पण आमच्या यायले सांगू नका." म्हणजे मामाजींना. पुढे त्या गेल्या आणि साक्षीला माझ्या आईशिवाय कोणी उरलं नाही. मी सांगितलं असतं, तर मेलेल्या बाईच्या नावावर खपवते, असंच ते म्हणाले असते.

सत्त्याऐंशी सरत असताना केळीचा घड पिकायला आला. खाली एकच पिल्लू राखलेलं. मामाजी रोज सकाळी त्याच्या बुडाशी बोटं खुपसून पाहत, कोणी हलवलं तर नाही ना. कापसाला तो हात चालतो, कोवळ्या मुळांना नाही. एका दुपारी पिल्लू मान टाकून पडलेलं दिसलं. हात लावला तर अलगद वर आलं, मुळं तुटलेली. मामाजी बाजारात होते. आळ माझ्यावरच येणार, हे मला दिसत होतं. मी ते उचललं आणि रस्त्यावरच्या गायीला घातलं. याहून मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केला नाही.

"कोठी गेलं?" त्यांनी येताच विचारलं.

"मले नाई माईत, मामाजी."

त्यानंतर पंधरा दिवस त्यांचा पहारा. मी नळावर गेले की ते फाटकात उभे. माझ्या पेटीतल्या लुगड्यांची घडी बदललेली दिसे. माझा नवरा पांढुर्ण्याला नोकरीला, शनिवारी येई. त्याच्याशी हे बोलायची मला लाज वाटे. घड उतरवला, मोठ्या केळीची पानं वाळू लागली. बाकीची पिल्लं मामाजींनी इतकी खोल खरवडली होती की नवं काही फुटलं नाही. देवकाबाईंची केळ संपत होती, आणि मी ती माहेरी पोचवली, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी म्हणाले, "इंदू, चाल. तुह्या मायकडं जाऊन येऊ."

लग्नानंतर ते बोरगावला एकदाही गेले नव्हते, आणि लग्नात मांडवाच्या मागे, न्हाणीकडे फिरकले नव्हते. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले नाहीत, मागच्या सीटवर बसले. माझी पाठ रस्ताभर जड झाली होती. त्या केळीवर त्यांची नजर पडली की या घरात माझा शब्द कायमचा खोटा, हे मला कळत होतं.

माझी आई यमुना पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांनी हात लावला नाही; केळ लावतात ती सांडपाण्यावर, म्हणून सरळ न्हाणीच्या मागे गेले. तिथं केळीचं बेट उभं होतं. मी दारातच थांबले.

हिरव्या पानांकडे त्यांनी पाहिलंच नाही. खाली बसले, वाळलेला पाला सारला आणि बुडात हात घातला. एक कुजलेला खुंट, पुढे दुसरा, मग तिसरा, मग उभी केळ. एक केळ वाढून, घड देऊन पडायला सव्वा वर्ष लागतं. त्यांचे ओठ हलत होते. तीन खुंटांची वर्षं माझ्या लग्नाच्याही मागे जात होती.

"हे कवाची हाय?" त्यांनी वळून न पाहता विचारलं.

"देवकाबाईनं देल्ली," आई म्हणाली. "इंदूले पाहाले आल्या तवा. तुमाले सांगू नका म्हणे."

"काऊन?"

"तुमी चिरून टाकसान म्हणे."

त्यांचा हात मातीतच होता. मला राग होता, तरी त्या क्षणी त्यांची दया आली. एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला घरातलं रोप चोरासारखं पदराखाली न्यावं लागलं होतं.

मग म्हणाले, "एक पिल्लू काढ. तूच पाहून काढ." मी अरुंद पानांचं काढलं.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले, ओलं पोतं मांडीवर. मी धीर करून सांगितलं, "मामाजी, आपलं ते पिल्लू मीच गायीले घातलं. मुळं तुटले होते. तुमच्या हातानं."

त्यांनी नखांतली माती पाहिली. "मले वाटलंच होतं," ते म्हणाले.

"मी टाकलं, हे?"

"नाई. माह्या हातानं, हे."

पंधरा दिवस त्यांना हे ठाऊक होतं, आणि तरीही त्यांनी माझी पेटी उचकली होती. मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ड्रमजवळ उभे होते, दोन्ही हात पाठीमागे धरून.

"इंदू, जरा तू बोट घालून पाह. ओल हाय का?"

मी पाहिलं. "हाय, मामाजी."

"बरं," म्हणाले आणि आत गेले. स्वतःचं बोट त्यांनी घातलं नाही.