देठ उजवीकडे

कुसाबाई गावित १९९४ च्या जानेवारीत पहिल्यांदा पिंपळगाव बसवंतला आल्या. सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यावर भात आणि नागली घरात येऊन पडली की पुढचे चार महिने काम नसे. नवरा जयराम घर सांभाळी आणि त्या द्राक्षांच्या हंगामाला खाली उतरत. पहिल्या वर्षी त्यांनी द्राक्षं निवडून डब्यांत भरायच्या पॅकहाऊसमध्ये फक्त क्रेट धुतले. तिसऱ्या वर्षी निवडीच्या टेबलावर बसल्या. २००५ पर्यंत त्यांच्या शब्दावर पाड्यांवरून चाळीस बायका येऊ लागल्या होत्या. कोणाला आणायचं, कोणाला नाही, हे कुसाबाईच ठरवत. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं.

निवडीच्या कामाला एक शिस्त होती. मण्यांवरची पांढरी पूड पुसली गेली तर परदेशी गिऱ्हाईक माल घेत नाही, म्हणून घडाला हात लावायचा तो देठालाच. टेबलाच्या उजवीकडे निर्यातीचा डबा भरणारी बाई बसे आणि डावीकडे स्थानिक बाजाराचे क्रेट असत. चांगला घड देठ उजवीकडे करून ठेवायचा, नापास घड देठ डावीकडे करून. ज्याला तो उचलायचा त्याच्या हाताकडे देठ. हे कोणी कोणाला शिकवत नसे. नवी बाई दोन दिवस शेजारी बसली की तिचे हात तसेच चालू लागत.

२००५ च्या फेब्रुवारीत मोहिनी कापडणीस पॅकहाऊसमध्ये आली. नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ती एम.ई. करत होती. घडाचा फोटो पाहून तो निर्यातीचा की स्थानिक, हे संगणकाला ओळखता यावं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. अशा कामात संगणकाला नियम सांगत नाहीत. त्याला हजारो फोटो दाखवतात, प्रत्येकाचं उत्तर सांगतात आणि त्यातला फरक त्यानेच शोधायचा असतो. उत्तर सांगणारं माणूस मात्र जाणकार लागतं. पॅकहाऊसचे मालक नवनाथ ढोमसे यांनी कुसाबाईंचं नाव सांगितलं.

"मावशी, तुम्ही ओळखता कसं?" मोहिनीने विचारलं.

"बघून."

"म्हणजे काय बघून?"

"आता कसं सांगू? भाकर भाजली का नाय, तू कशी बघती?"

"मी भाकरी करत नाही."

"मंग तुझं मशीन उपाशीच मरायचं," पलीकडे निवडीला बसलेल्या मालनबाई म्हणाल्या, आणि सगळं टेबल हसलं.

टेबलाच्या टोकाला एक ट्रे आणि त्याच्यावर कॅमेरा बसवला गेला. कुसाबाई घड ठेवत आणि उत्तर सांगत, मोहिनी बटण दाबे. तीन आठवड्यांत अडीच हजार फोटो झाले. त्यातले तीनशे मोहिनीने बाजूला ठेवले होते, संगणकाला न दाखवलेले. त्यांवर परीक्षा घेतली तेव्हा शंभरातली सत्त्याण्णव उत्तरं बरोबर आली. तिच्या मार्गदर्शकांनी अभिनंदन केलं. प्रबंध द्यायला सहा आठवडे होते.

ढोमसे यांनी आकडा ऐकला आणि कुसाबाईंना बोलावलं.

"शनिवारी मशीन माझ्यासमोर चालवणार आहेत. चाललं तर पुढच्या साली चाळीस बाया नको. पंधरा आणा."

"आन् बाकीच्या पंचवीस?"

"त्यांचं मी काय करू, कुसाबाई?"

पंधरा नावं कुसाबाईंनाच काढायची होती.

शनिवारी कुसाबाई ढोमसे यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, म्हणून ट्रेवर घड ठेवायला मीना बसली. मीना त्याच वर्षी आलेली, डावरी. तिचे हात उलटे चालत आणि डबा भरणाऱ्या बाईची त्यावर रोज कुरकुर असे. तिने एकसारख्या टपोऱ्या मण्यांचा घड ठेवला. पडद्यावर आलं, स्थानिक. दुसरा ठेवला. स्थानिक.

"डोळं फुटलं काय याचं?" मीना म्हणाली.

मोहिनी पडद्याकडे पाहत होती, कुसाबाई घडाकडे. त्या पुढे झाल्या आणि देठ धरून त्यांनी तोच घड फिरवला. देठ उजवीकडे आला. पडद्यावर निर्यात उमटलं. मग त्यांनी स्थानिक क्रेटमधून मणी तडकलेला एक घड काढला आणि देठ उजवीकडे करून ठेवला. निर्यात.

"म्हणजे एवढे दिवस हे देठच बघत होतं?" ढोमसे म्हणाले.

"त्याची काय चूक, शेठ? मी ठेवलं तसं ते शिकलं."

मोहिनीने लॅपटॉप बंद केला. तिने सगळे फोटो नव्याने काढावे लागतील म्हणून सांगितलं आणि कुसाबाई मदत करतील का, असं विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत मालनबाईंनी अडवलं. "कशाला शिकवती गं? ते शिकलं का आपण घरी."

"आन् हेच अर्धवट मशीन शेठनं घेतलं तर? माल जहाजातून माघारी येईल. मंग पंधरा बी नको म्हणल."

"आन् नीट शिकलं तर?"

दुसऱ्या दिवसापासून कुसाबाई ट्रेपाशी बसल्या. या वेळी प्रत्येक घड चारही दिशांना फिरवून चार फोटो, आणि ठेवायला कुसाबाई, मीना आणि आणखी दोघी आळीपाळीने. बारा दिवस हे चाललं. नव्या परीक्षेत शंभरातली एक्क्याऐंशी उत्तरं बरोबर आली. कॅमेरा घडाला वरूनच पाहत होता. आत सडलेला मणी बाया घड देठाला धरून उचलतात आणि फिरवतात तेव्हाच दिसतो.

"शंभरात एकोणीस चुका मी कुसाबाईंच्यासुद्धा चालवून घेत नाही," ढोमसे म्हणाले आणि यंत्राचा विषय त्यांनी त्या हंगामापुरता मिटवला.

मोहिनीने प्रबंधात दोन्ही आकडे दिले आणि पहिला का चुकला यावर तीन पानं लिहिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वाधिक प्रश्न त्या तीन पानांवर विचारले. २००७ पासून ती शिकवू लागली. प्रकल्प घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला ती आधी विचारते, माहिती गोळा केली तेव्हा तू तिथे किती दिवस बसला होतास?

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात कुसाबाईंचं नाव मार्गदर्शकांच्या खाली आहे. ती प्रत मोहिनीने त्यांना दिली. इंग्रजीत असल्याने त्यांनी मोहिनीलाच ती उघडून आपलं नाव तेवढं शोधायला सांगितलं.

जानेवारी २००६ मध्ये सुरगाण्याहून दोन टेंपो आले. चाळीस बायका उतरल्या. मीना त्यात होती. कुसाबाईंनी तिला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि तिच्यासाठी निर्यातीचा डबा डाव्या हाताला ठेवला.