चंद्रावरचा वाटा

लिहिण्याचे धाडस मी करतो आहे याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. माझ्या नावावर एकच पुस्तक आहे, तेही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लिहिलेले. हायस्कुलात चौतीस वर्षे विज्ञान शिकवले. फळ्यावर लिहिताना पाठ वर्गाकडे असते, म्हणूनच कदाचित मला ते काम जमले. ज्याला चार माणसांसमोर आभार मानतानाही घाम फुटतो, त्याने स्वतःविषयी छापायला लिहावे हे मलाच विसंगत वाटते. परंतु त्या पुस्तकात एक गोष्ट खोटी आहे. कादंबरीत सारेच खोटे असते असे कोणी म्हणेल, पण हे खोटे त्या जातीचे नाही.

कादंबरी चंद्रावरची आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी काही उंच कडे असे आहेत, की त्यांच्या माथ्यावर बहुतेक काळ ऊन असते. आणि त्यांच्या पायथ्याशी असे खड्डे आहेत, की जिथे सूर्य कधीच पोचलेला नाही. त्या काळोखात बर्फ आहे. माझ्या कादंबरीत कड्यावर एक घराणे राहते, त्याच्याजवळ ऊन, म्हणजे वीज. खड्ड्याच्या काठावर दुसरे घराणे, त्याच्याजवळ बर्फ, म्हणजे पाणी. दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही आणि दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. खालच्या घराण्यातली मुलगी वरच्या घराण्यात दिलेली आहे. दर चांद्रदिवसाच्या आरंभी, म्हणजे आपल्या हिशेबाने महिन्यातून एकदा, खड्ड्यातले पहिले पाणी त्या मुलीच्या घरी पोचते करायचे, अशी तिथली रीत आहे. भांडण झाल्यावर तिचा भाऊ ते पाणी बंद करतो. ती वाट पाहत राहते. कादंबरीचा सगळा भार या वाट पाहण्यावर आहे.

वाचकांनी तारीफ केली ती कल्पनाशक्तीची. खरे सांगायचे तर त्यात कल्पना फारशी नव्हती. आमच्या घरामागून एक व्हाळ वाहतो. पावसाळ्यात कमरेइतका, चैत्रात घोट्याइतका. त्याच्या अलीकडे आमची वाडी, पलीकडे माझ्या मामाची. दोन्ही घरांची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर पंचवीस-तीस माणसे वाळूत पाय रोवून ओढतात. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. किनारा एकच असल्याने रापणीच्या पाळ्या ठरलेल्या. आज यांची, उद्या त्यांची. आणि आमच्याकडची एक रीत अशी, की नारळी पौर्णिमेनंतर पहिली चांगली रापण लागली, की लग्न करून दिलेल्या बहिणीला वाटा जायचा. तिने दोराला हात लावलेला नसला तरी. तो वाटा किती मोठा याला महत्त्व नव्हते. तो आला म्हणजे माहेर शाबूत आहे.

एका वर्षी आमच्या पाळीच्या दिवशी बांगड्यांचा थवा अगदी काठाशी आला. वडील आमच्या माणसांना घेऊन आचऱ्याला एका मयताला गेले होते. मामाने वाट पाहिली आणि मग स्वतःची रापण घातली. मासा काय थांबतो, हे त्याचे म्हणणे. पाळी ती पाळी, हे वडिलांचे. मामाने अर्धे बांगडे देऊ केले, ते वडिलांनी वाळूत लाथाडले आणि व्हाळापलीकडचे पाणी पिणार नाही अशी शपथ घेतली. ती त्यांनी मरेपर्यंत पाळली. आईला कोणी शपथ घातली नव्हती. पण नवरा जिथे पाणी पीत नाही तिथे ती आपणहून गेली नाही. वाटा आला तर मात्र तो घ्यायला वडिलांची हरकत नव्हती. हे त्यांनी तिला माझ्यादेखत सांगितले होते. “तुझो भाव, तुझो वाटो. ता माझ्यात येना नाय.”

हे मला ठाऊक होते, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

त्या वर्षी मी सव्वीस वर्षांचा होतो, नोकरीला लागून दोन वर्षे झाली होती. भांडणाच्या दिवशी मी किनाऱ्यावर होतो. सगळ्या गावासमोर वडिलांचा आवाज चिरकला, आणि कोणीतरी हसले. ते हसणे माझ्या मनातून गेले नाही. पुढच्या हंगामात मामी मागील दारी आली, डोकीवर टोपली, वर केळीचे पान. आई देवळात गेली होती. मी दारात उभा राहिलो आणि मामीशी शुद्ध मराठीत बोललो, जसे आपण ओरोसच्या सरकारी कचेरीत बोलतो. चोरून धरलेले मासे आमच्या घरात शिजत नाहीत, असे काहीसे वाक्य होते. मामीने मला अंगावर खेळवले होते. तिने डोकीवरची टोपली सावरली.

“तुझ्या आवशीक इचार तरी, रे झिला.”

मी आईला विचारले नाही. मामी आल्याचेही सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या वर्षी मामा स्वतः आला. आमच्या खळ्यात पाऊल टाकायला तो तयार नव्हता, म्हणून त्याने टोपली गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. आई भाताच्या कापणीला गेली होती. मी ते बांगडे परसातल्या एका माडाच्या आळ्यात पुरले आणि टोपली व्हाळापलीकडे फेकून दिली. चौथ्या वर्षी कोणी आले नाही.

आईने कधी तक्रार केली नाही. पहिली रापण लागल्याचा गलबला ऐकू आला की ती मासे शिजवायचे मातीचे भांडे घासून उन्हात ठेवी. संध्याकाळी ते उचलून परत फळीवर पालथे घाली. “यंदाय धाडल्यान नाय,” एवढेच म्हणे, तेही मला उद्देशून नव्हे. तो माड पुढे असा काही धरू लागला, की ती मला कौतुकाने विचारी, “ह्या माडाक घातलंस तरी काय रे?” मी शिक्षक होतो. शेणखताचे गुण सांगत असे.

निवृत्तीनंतर लिहायला बसलो तेव्हा हीच गोष्ट वर आली. व्हाळावरचे लिहिण्याचा मला धीर नव्हता. भित्र्या माणसाला अंतर लागते, म्हणून मी पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटर दूर गेलो. दोन्ही घराण्यांना समान न्याय दिला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. खड्ड्यातल्या घराण्याची बाजू मी इतकी मन लावून मांडली, की त्या समतोलाबद्दल एका परीक्षकानेही चार बऱ्या ओळी लिहिल्या. अपवाद फक्त पाणी बंद करणारा तो भाऊ. पाणी परत पाठवणारे कोणी माझ्या चंद्रावर नव्हतेच. ते पात्र मला लिहिताना सुचले नाही, असे म्हणायला मला आवडले असते. सुचले होते. एका पानावर त्याला मी आणले, आणि कथानक बोजड होते असे ठरवून काढून टाकले.

आई आता अठ्ठ्याऐंशीची आहे. डोळ्यांनी दिसत नाही, कान शाबूत आहेत. पुस्तक आल्यावर माझी पत्नी दुपारी पडवीत बसून तिला रोज थोडे वाचून दाखवू लागली. आईच्या शंका निराळ्या होत्या. “थंय पावस पडता?” पडत नाही म्हटल्यावर ती विचारात पडली. “मगे माड खंय लावतत?” मी हसलो, पत्नी हसली. पाणी बंद होण्याचे प्रकरण आले तेव्हा मात्र तिने मध्ये काही विचारले नाही. ते संपल्यावर म्हणाली, “माझो भाव अगदी असोच.” तिच्या स्वरात राग नव्हता. आपल्या दुःखाला कोणीतरी छापून मान दिला, असे समाधान होते. तेवढ्या वेळात मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

ज्येष्ठात मामाचा निरोप आला. पुस्तक त्याच्या सुनेने त्याला वाचून दाखवले होते. जवळजवळ चाळीस वर्षांनी मी व्हाळ ओलांडला. मामी केव्हाच गेली होती. मामा पडवीत खाटेवर होता, हाडे तेवढी उरलेली. नजर मात्र तीच, पाण्यावरचा थवा दुरून ओळखणारी.

“चंद्रार गेलस तरी भांडान आमचाच घेवन गेलस,” तो म्हणाला. सून तोंडाला पदर लावून हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. मग त्याने तिला चहा करायला आत पाठवले.

“बहिणीचा पाणी तोडल्यान म्हणान लिवलंस. मियां तोडलंय?”

मी मान खाली घातली. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण दुरुस्त करीन, असे काहीतरी पुटपुटलो. इतके होऊनही मला आवृत्तीच आठवली.

“पुस्तक तसाच रवांदे. तू फकत तिका सांग.”

चवथ झाली की सांगतो, असे मी म्हटले. गणपतीला घर भरलेले असते, ते सगळे उरकू दे, मग निवांत सांगू, हा माझा विचार. मामाने डोळे मिटले.

“बांगडो कोणाची वाट बघना नाय रे,” तो म्हणाला.

आषाढ संपता संपता तो गेला. सकाळी निरोप आला. दुपारपर्यंत त्याला नेणार नव्हते. मी आईला सांगितले आणि विचारले, की नेऊ का तुला, गाडी बोलावतो. ती खांबाला टेकून बसली होती.

“तेना माझो वाटो बंद केल्यान,” ती म्हणाली. “तेच्या दारात आता मी कित्याक जाव?”

तिचा भाऊ पाच मिनिटांच्या वाटेवर निजलेला होता. सांगायला एक वाक्य पुरेसे होते, आणि दोन तास हाताशी होते. मी ते सांगितले नाही, गाडीही बोलावली नाही. तिने आंघोळ घालून घेतली, तीन दिवस सुतक पाळले. चौथ्या दिवशी पत्नीला ते प्रकरण पुन्हा वाचायला सांगितले.

आता श्रावण सरत आला आहे. नारळी पौर्णिमा झाली. काल मामाची सून व्हाळावर माझ्या पत्नीला भेटली. तिच्या सासऱ्याने जाण्यापूर्वी तिला बजावले आहे, की यंदा पहिली रापण लागली की आत्येचा वाटा न चुकता पोचता कर; कोणी काही बोलले तरी टोपली तिच्याच हातात दे. कधी आणू, एवढेच तिने विचारले आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही. आईला यातले काही माहीत नाही, आणि आज सकाळी तिने चाचपडत फळीवरचे ते भांडे काढून घासायला घेतले.

वाटा आला की ती पहिला प्रश्न हाच विचारील, की इतकी वर्षे का नाही. तिच्याजवळ फार दिवस उरलेले नाहीत. ज्या भावावर रागवायचे तो गेला; राग खोटा होता हे कळले, तर तिला त्या दुपारी न गेल्याचे दुःख घेऊन उरलेले दिवस काढावे लागतील. न कळले, तर तो माणूस माझ्या पुस्तकात आहे तसाच तिच्या मनात राहील.

वाटा दारात येण्याआधी मी तिला खरे सांगावे का?