हो की नाही, एवढंच सांगा

जीवशास्त्राचे सर शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. टोमॅटो हे फळ आहे, असं ते भाजीवाल्याला दर वेळी समजावून सांगत आणि भाजीवाला एक पिचलेला टोमॅटो पिशवीत सरकवून त्याची परतफेड करत असे.

वर्गात त्यांची एक पद्धत होती. झाड ओळखायचं, तर दोन-दोन पर्यायांच्या वाटेने जायचं. पानं समोरासमोर की एकाआड एक? कडा सरळ की दातेरी? असं हो-नाही करत पोरं शेवटी नावापाशी पोचत. झाडं बिचारी मुकी. चुकीचं नाव दिलं म्हणून एकाही झाडाने कधी तक्रार केली नाही, आणि याचा सरांच्या स्वभावावर फार वाईट परिणाम झाला. त्यांना वाटू लागलं, आपलं कधी चुकतच नाही.

मग शहरात वाद पेटला. शाळेच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा ठेवायचा की गाळायचा? वाचनालयाच्या हॉलमध्ये दर शनिवारी चर्चा सुरू झाली. धडा गाळा म्हणणाऱ्यांचा म्होरक्या होता औषधांचा दुकानदार. तो सरांना ‘माकडवादी’ म्हणे. सर ताडकन उठत. “मला कसलाही वादी म्हणू नका! वर फेकलेला दगड खाली पडतो असं म्हणणाऱ्याला तुम्ही पडणवादी म्हणता का?” टाळ्या पडत. आणि त्याच टाळ्यांत खाली बसता बसता सर दुकानदाराला ‘सृष्टीवादी’ म्हणून मोकळे होत. स्वतःवरचा शिक्का टोचायचा. दुसऱ्यावर मारताना मात्र हात टपाल कचेरीतल्यासारखा सपासप चालायचा.

एका शनिवारी मागच्या रांगेतून त्यांचे मेहुणे उठले. बायकोचे थोरले भाऊ, धंद्याने शिंपी. सगळं घर त्यांना दादा म्हणे, सरही. दर रविवारी ते जेवायला येत. आईवडील गेल्यावर बहिणीला त्यांनीच वाढवलं होतं. तिचा शाळेचा पहिला गणवेशही त्यांनीच शिवला होता.

“माझी देवावर श्रद्धा आहे,” दादा अडखळत म्हणाले, “आणि भावोजी सांगतात तेही मला पटतं. दोन्ही चालणार नाही का?”

माणूस सरांच्या बाजूनेच बोलत होता. पण सरांना ही जातच ओळखता येईना.

“दोन डगरींवर पाय नकोत, दादा. देवाने जग मुद्दाम घडवलं का? हो की नाही, एवढंच सांगा.”

“हो… बहुतेक.”

“बहुतेक नको. माणूस त्याच्या मनात आधीपासून होता का?”

“हो.”

“झालं तर मग! तुम्ही छुपे सृष्टीवादी!”

हॉल हसला. दुकानदार तर सगळ्यात मोठ्याने हसला. दादा खाली बसले, आणि चर्चा संपायच्या आत निघून गेले.

त्या रविवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. बायकोने त्यांचं ताट मांडलं आणि तसंच उचललं. मग एकदा म्हणाली, “सृष्टीवादी म्हणालात ते एक वेळ ठीक. छुपे कशाला म्हणालात? माझा दादा कधी खोटं बोलला का?”

“अगं, तो एक प्रकार आहे.”

“प्रकार असू दे. त्याला घेऊन या. मला माझा भाऊ हवाय.”

सर दादांच्या दुकानात गेले. सरळ माफी मागावी एवढी अक्कल नव्हती, म्हणून सबबीला सैल करायची पँट नेली होती.

“या, सर,” दादा म्हणाले.

सर. भावोजी नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दादांच्या तोंडून ‘सर’ कधी आलं नव्हतं. त्यांनी टेप लावून कमरेचं माप घेतलं, अनोळखी गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं, आणि आकडा मोठ्याने सांगितला. तो भलताच मोठा होता.

“दादा, मी विचार केला,” सर घाईघाईने म्हणाले. “तुमच्यासाठी एक नवीन प्रकार केलाय. ईश्वरनिष्ठ उत्क्रांतीवादी!”

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, की शेण खाल्लं.

दादांनी टेप गळ्यात टाकली. “मला खरं उत्तर माहीतच नव्हतं हो. सगळे मान वळवून बघत होते. पटकन खाली बसता यावं म्हणून ‘हो’ म्हणालो. आणि तुम्ही त्यावरून मला लबाड ठरवलंत.”

सरांना वर्गातली पोरं आठवली. भराभर ‘दातेरी, सर, दातेरी’ म्हणणारी. त्यातल्या कितींना नुसतं खाली बसायचं असेल?

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“इथे नको. जिथे बोललात तिथे बोला.”

शनिवारी सर उठले. “दादांना मी छुपे म्हणालो, ते मागे घेतो. त्यांचं म्हणणं मी ऐकूनच घेतलं नव्हतं. देव मानून उत्क्रांती मानणारा माणूस लबाड नसतो.”

“सर पलटले!” दुकानदार ओरडला. “आले आमच्यात!”

पहिल्या रांगेतून सरांचाच जुना विद्यार्थी पुटपुटला, “तडजोडवादी.”

“तसं नाही, उत्क्रांतीबद्दल माझं मत तेच…” सर सांगू लागले, पण हॉल ऐकायच्या पलीकडे गेला होता. एका मिनिटात त्यांच्यावर दोन शिक्के बसले होते, आणि विचारलं कुणीच काही नव्हतं. ते उभेच राहिले. आवाज जरा ओसरल्यावर पुन्हा म्हणाले, “दादा लबाड नाहीत. मला काय म्हणायचं ते म्हणा.” आणि बसले.

बाहेर पायऱ्यांवर दादा थांबले होते.

“उद्या येतो, भावोजी. पण उत्क्रांतीचा विषय नको.”

“नको,” सर म्हणाले. आणि घाबरले. कारण दुसरं बोलायचं काय? दोघे घराच्या दिशेने चालू लागले.

“तब्येत कशी आहे?” सरांनी चाचपडत विचारलं.

“कंबर गेलीय. दिवसभर वाकून बसायचं. देवाने माणसाला एवढा नाजूक कणा का दिला, कुणास ठाऊक!”

सरांचं पाऊल अडखळलं. चार पायांवर चालणाऱ्यांचा कणा, उभं राहिल्यामुळे त्यावर पडलेला भार, सगळा धडा घशाशी आला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दादांनी तिरक्या नजरेने पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. “बोला हो, बोला. गिळलंत तर तुम्हालाच बाधेल.”