न दिसणाऱ्या उजेडाचं भेव

लॅबमध्ये धूळ साचते तसे किस्से साचतात, आणि दोन्ही झाडायला आम्हाला वेळ नाही! खामगावच्या आमच्या कॉलेजात तिघंच जण: आमचे सर, सुलतानपूरची नसरीन आणि मी. काम काय, तर निओडिमियम घातलेल्या स्फटिकांवर. शेंगदाण्याएवढा जांभळट खडा, पण त्यातून निघणारा लेझर डोळ्याला दिसत नाही. दिसत नाही आणि डोळा जाळतो! खोटं कशाला बोलू, मला रोज भेव वाटते.

*

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "घड्याळ काढ. अंगठी काढ." चकाकत्या वस्तूवरून किरण कुठंही उडतो ना! माझा नुकताच साखरपुडा झालेला, अंगठी निघता निघेना. साबण लावून ओढली, बोट सुजलं.

"सर, तिले काय सांगू?"

"सांग, तुले पाहाले डोळे शाबूत ठेवले म्हणून!"

*

किरण टेबलाच्या उंचीवरून जातो. वाकलं की डोळा थेट किरणात, म्हणून काही खाली पडलं तरी एकदम वाकायचं नाही. आधी ओरडायचं, "शटर बंद!", किरण थांबला की मगच वाकायचं.

नसरीनच्या घरी जेवताना चमचा पडला. ही किंचाळली, "शटर बंद!" आणि डोळे गच्च मिटून बसली. तिची अम्मी घास टाकून उठली. "या अल्लाह! लडकी को क्या हो गया?"

*

एकदा स्पेक्ट्रममध्ये लाल भागात भलतीच रेघ उगवली. निओडिमियमची तर नक्कीच नाही. सर घामाघूम! खड्यात भेसळ निघाली असती तर सगळी मेहनत पाण्यात. नसरीन तोंडातल्या तोंडात दुआ म्हणू लागली. मी पाणी प्यायला उठलो आणि सवयीनं वरचा सीएफएल बंद केला. रेघ गायब! इतका वेळ आम्ही छताचा दिवा मोजून राह्यलो होतो.

"बाहेर बोलशील तं पाहा बे!" सर म्हणाले.

*

मग सरांचंच चुकलं. गॉगल कपाळावर, आणि हातातली स्टीलची पट्टी किरणात गेली. उजव्या डोळ्यापुढं काळा ठिपका आला तो गेलाच नाही. डॉक्टर म्हणाले, "रोज तपासा. वाढला तर लगेच या."

तेव्हापासून लॅबच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवलेला असतो, मधोमध टिंब. सकाळी आल्या आल्या सर डावा डोळा झाकून उजव्यानं त्या टिंबाकडं पाहतात. रेघा वाकड्या दिसल्या की समजायचं, डोळा बिघडला. सर म्हणतात, "सगळ्या सरळ!" मग आमच्या जिवात जीव येतो.

परवा कागद मळला म्हणून नसरीननं काढला आणि नवा आणायला ती आत गेली. दार अगदी कोरं. तेवढ्यात सर खाली मान घालून आले, दारासमोर उभे राहिले, तळहातानं डावा डोळा झाकला. मी शेजारीच होतो. त्यांचा उजवा डोळा घट्ट मिटलेला होता.

"सगळ्या सरळ!" सर म्हणाले. "चल बे, लेझर लाव."