मास्तर आणि चाचीचं पार्सल

“कोन म्हनते?”

आमच्या चामोर्शीच्या पोस्टमास्तरांना काहीही सांगा, अंगठा नाकाला घासून ते आधी हेच विचारत. मला मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन गेलो. “मास्तर, मुलगी झाली.” तर म्हणे, “कोन म्हनते?” अरे बाबा, बायको म्हणते, आणखी कोण म्हणणार! पेढे मात्र दोन उचलले.

तुमच्याही गावात असा एखादा नग असेलच. माझं कापडाचं दुकान पोस्टासमोर, त्यामुळे हे आंबट तोंड मला दिवसभर बघावं लागे. मनिऑर्डर घेताना कोणी हसला, की मास्तर त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघत.

चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, हा आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. आमच्याच गल्लीत, पोस्टासमोर, बांगड्या भरणारी एक चाची राहायची. तिचा एकुलता एक मुलगा जहाजावर नोकरी लागली म्हणून मुंबईला गेला, तो गेलाच. कित्येक वर्षं चिठ्ठी नाही, निरोप नाही. गावानं त्याला मनातून मेलेला धरलं होतं, चाचीसमोर मात्र कोणी बोलत नसे.

एका बाजाराच्या दिवशी खाकी कोट घातलेला एक माणूस चाचीच्या दारात आला. हातात लाखेचा शिक्का मारलेला कागद. म्हणाला, “तुमच्या मुलानं आफ्रिकेहून पार्सल धाडलंय. चांद्याला अडकलंय. जकात भरा, म्हणजे सोडवून आणतो.”

“माहा पोरगा जित्ता हाय!” चाची रडतच बाहेर आली. जो दिसेल त्याला सांगत सुटली. गहाण टाकायला हातातल्या चांदीच्या पाटल्यासुद्धा काढल्या तिनं.

आणि आम्ही सगळे शहाणे म्हणालो, देऊन टाक! आम्ही पडलो जंगलमुलखातली माणसं. बांबूची गाडी असो की मोहाची पोती, नाक्यावर आधी पैसे भरायचे, पास घ्यायचा, मग शिपाई आडवा बांबू वर उचलणार. सरकारचं काम असंच चालतं, अशी आमची पक्की समजूत. कोणाच्या मनात किंतूही आला नाही.

तेवढ्यात गर्दीतून मास्तर पुढे आले. “कोन म्हनते?”

“सरकार म्हणतं,” कोटवाला गुरगुरला.

“पार्सल कुठी हाय?”

“सांगितलं ना, चांद्याला.”

“मंग ते माह्या थैलीत येईल. जकात किती ते मले पोस्टात समजते. माल टेबलावर ठेवीन, पैसा घेईन, आन् बाईच्या हातात देईन. जकातीसाठी सरकार दारोदार मानूस फिरवत नाई. हा का जंगलाचा नाका हाय?”

“उशीर झाला तर पार्सल परत जाईल!”

“जाऊ दे नं. चाल, पोस्टात बस. मी चांद्याले तार करतो. जवाब येतवरी तुले चहा पाजतो.”

मास्तर चहा पाजणार! तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. कोटवाला “पान खाऊन येतो” म्हणाला आणि बकऱ्यांच्या बाजारात जो शिरला तो पुन्हा दिसलाच नाही.

चाची ओट्यावर मटकन बसली. “काऊन आले तुम्ही, मास्तर? घेऊ द्याचे होते त्याले पैसे. घडीभर तं माहा पोरगा जित्ता होता.”

आता सांगा, काळीज असलेला माणूस दोन शब्द गोड बोलला असता की नाही? हा ठोंब्या नाकाला अंगठा घासत उभा राहिला, आणि आत जाऊन पोस्टाची खिडकी लावून घेतली. असा राग आला मला!

पुढच्या टपालाला चाची खिडकीशी हजर. “माहं पार्सल आलं का, मास्तर?”

मी दुकानात कान टवकारले. आता ‘कोन म्हनते’ म्हणाला, तर जाऊन गचांडीच धरायची असं ठरवलं होतं.

मास्तरांनी टपालाची थैली उलटी केली, झटकली, आत कोपरापर्यंत हात घालून चाचपली. “नाई आलं, बाई. रस्ता दूरचा हाय.”

त्यानंतर दर टपालाला हेच. ती विचारायची, ते थैली झटकायचे. एकदाही वैतागले नाहीत. बाकीच्या जगाशी मात्र तसूभर बदलले नाहीत. मला दुसरी मुलगी झाली तेव्हाही पेढा तोंडात टाकत विचारलंच, “कोन म्हनते?”

मग एकदा पोटदुखीसाठी रजा घेऊन मास्तर चांद्याच्या दवाखान्यात गेले. आठवडाभरात मोटारीच्या ड्रायव्हरनं बातमी आणली. चाचीला कळवायला मीच गेलो. ती एका नव्या नवरीला बांगड्या भरत होती.

“चाची, आपले मास्तर गेले.”

तिचा हात नवरीच्या मनगटावर तसाच थांबला. तिनं समोरच्या पोस्टाच्या बंद खिडकीकडे बघितलं.

“कोन म्हनते?” तिनं विचारलं.